कोंडे सरांचा चेंडू

‘मनगट सैल पडलंय तुझं, शलाका,’ कोंडे सर म्हणाले.

हळू म्हणाले असते तर मला काहीच वाटलं नसतं. त्यांच्याकडून मी याहून वाईट ऐकलेलं आहे. पण मागं ओळीनं उभ्या असलेल्या बॅटरीच्या गाड्यांतल्या प्रत्येक माणसाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ते म्हणाले. गाड्यांत ठिकठिकाणचे खेळसाहित्याचे व्यापारी बसले होते, एक फोटोग्राफर होता, आणि कंपनीचा मार्केटिंगचा साहेब मिहिर दातार होता. कुणीतरी ‘च्च च्च’ केलं.

अठरांतला तिसराच होल होता. आणि माझा फटका बिघडलेला नव्हता. फटका नीट बसला की तो आधी हातांना कळतो, डोळ्यांना नंतर. माझा चेंडू उंच गेला आणि ग्रीनवर, म्हणजे झेंडा रोवलेल्या त्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, अगदी मधोमध पडला. तिथं एक-दोन टप्पे घेऊन त्यानं थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. गुळगुळीत फरशीवर सोडलेल्या गोटीसारखा धावत सुटला आणि मागच्या उतारावरून थेट वाळूच्या खड्ड्यात जाऊन पडला.

मग सरांनी मारला. त्यांचा चेंडू झेंड्याच्या जरा पलीकडं पडला, एकच टप्पा घेतला आणि लगाम खेचल्यासारखा उभा राहिला.

टाळ्या पडल्या.

‘बघितलंत?’ दातार गाडीतून उतरत व्यापाऱ्यांना म्हणाला. ‘हा आपला वज्र! पडला की थांबतो. परदेशी बॉलच्या तोंडात मारेल असा बॉल आहे. अर्थात, मारणारा हातही तसा पाहिजे!’

सगळे हसले. मी वाळूच्या खड्ड्याकडं चालू लागले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कंपनीचं नाव मी घेत नाही. त्या कंपनीनं वज्र नावाचा महागातला गोल्फचा चेंडू काढला होता आणि तो बाजारात आणण्याआधी व्यापाऱ्यांसमोर त्याची परीक्षा ठेवली होती. नाशिकजवळच्या डोंगरातलं एक मैदान त्यासाठी घेतलं होतं. सकाळी सगळ्यांना झणझणीत मिसळ खाऊ घातली आणि मग दातारनं सांगितलं, ‘प्रयोगशाळेतले आकडे तुम्हाला दाखवणार नाही. दोन खेळाडू तुमच्या डोळ्यांदेखत अख्खा राउंड खेळतील. चेंडू कसा उडतो, कसा थांबतो, कसा घरंगळतो, तुम्हीच बघा आणि तुम्हीच ठरवा.’

दोघांतले एक मधुकर कोंडे. एके काळचे राष्ट्रीय विजेते. दुसरी मी.

माझं नाव तिथं कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. माझे वडील देवळालीला लष्कराच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आमच्या क्वार्टरच्या कुंपणापलीकडं गोल्फचं मैदान होतं आणि कोंडे सर तिथं अधिकाऱ्यांना शिकवायला येत. मी कुंपणाला नाक लावून उभी असायची. एक दिवस त्यांनी मला आत बोलावलं आणि हातात काठी दिली. पुढं दहा वर्षं त्यांनी मला शिकवलं. उभं कसं राहायचं, श्वास कधी सोडायचा, हरल्यावर समोरच्याशी हात कसा मिळवायचा, सगळं त्यांचंच. माझे वडील त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसत. मी महाराष्ट्राची महिलांची स्पर्धा जिंकले तेव्हा सरांनी पाठीवर नुसता हात ठेवला होता. बक्षिसापेक्षा तो हातच माझ्या जास्त लक्षात आहे.

पुढं खांदा दुखावला आणि माझं स्पर्धा खेळणं संपलं. सर पुण्याला गेले. गंगापूर रोडला मी मुलांना गोल्फ शिकवायला लागले, लग्न झालं, संसार झाला. सरांचा फोन असा कधी यायचा नाही. आणि अचानक एक दिवस आला.

‘शलाका, एक राउंड खेळायचाय माझ्याबरोबर. कंपनीनं विचारलं, दुसरा खेळाडू कोण घ्यायचा. मी म्हटलं, दुसरं कुणी नको, शलाकाला बोलवा.’

त्या दिवशी मी स्वयंपाकघरातच रडले. नवरा म्हणाला, ‘अगं, झालं काय?’ मला सांगताच येईना. सर मला विसरले नव्हते, एवढंच डोक्यात होतं. त्यानंतर राउंडच्या दिवसापर्यंत एकही सकाळ मी सरावाशिवाय घालवली नाही. खांदा कुरकुरत होता, पण हात जुन्यासारखे चालत होते. मारलेला चेंडू मनात असेल तिथं थांबत होता.

आणि इथं तो थांबतच नव्हता.

दुसऱ्या होललाच मला शंका आली होती. चेंडू काठीला लागला की टक्क असा कोरडा आवाज यायचा, दगडाला दगड लागल्यासारखा. मी सरांना म्हटलंसुद्धा, ‘सर, बॉल जरा कठीण वाटतोय का?’

‘नवीन आहे. तुला सवय नाही,’ ते म्हणाले. ‘बॉलकडं बोट दाखवायची सवय कधी लागली तुला?’

मी विषय सोडला. त्यांच्याही हातात तोच चेंडू होता ना. पांढरा, त्यावर निळ्या अक्षरांत वज्र. माझ्या चेंडूवर मी हिरवा ठिपका काढला होता, त्यांनी लाल रेघ. खेळाडू आपापली खूण करतात ती चेंडू अदलाबदल होऊ नये म्हणून. बाकी दोन्ही अगदी सारखे.

पाचव्या होलला माझा चेंडू पुन्हा ग्रीनवरून पळाला. ‘डोकं वर उचलतेस,’ सर म्हणाले. सहाव्याला पळाला. ‘वजन मागच्या पायावर.’ मी डोकं खाली ठेवलं, वजन पुढं घेतलं, मनगट आवळलं. इतकं सगळं एकाच वेळी सांभाळायला गेलं की माणसाला स्वतःचे हात परके वाटू लागतात. आतापर्यंत निदान माझा लांबचा फटका सरळ जात होता, आता तोही झाडांत जायला लागला. मागून एक व्यापारी दुसऱ्याला सांगत होता, ‘बाईंना वय झाल्यावर आणलंय.’ मी तेव्हा चौतिशीत होते आणि सर साठीला टेकले होते.

नवव्या होलवर सरांनी सगळ्यांना थांबवलं. माझ्या मागं येऊन उभे राहिले आणि माझी दोन्ही मनगटं धरून काठीवर नव्यानं बसवली. पहिल्या दिवशीच्या पोराला बसवतात तशी.

‘असं. आठवतंय का?’

‘फोटो! फोटो घ्या हा!’ दातार ओरडला. ‘सर, जरा इकडं बघा. मॅडम, तुम्ही मनगटाकडं बघा.’

मी मनगटाकडं बघितलं. कान तापले होते. त्यातही मला लाज वाटत होती ती माझीच, सरांना तोंडघशी पाडल्याची. मी दबक्या आवाजात म्हटलं, ‘सॉरी सर.’

ते म्हणाले, ‘चालायचंच. सराव सुटला की असं होतं.’

हे वाक्य मी आजही विसरलेली नाही. माझ्या ‘सॉरी’वर त्यांनी ते म्हटलं, आणि खांद्यावर थोपटलं.

तेराव्या होलवर दोघांचेही चेंडू ग्रीनच्या अलीकडच्या एका खोलगटीत जाऊन पडले. तिथं गवत वाढलेलं होतं. दोन चेंडू चार पावलांच्या अंतरावर, दोन्ही गवतात अर्धे बुडालेले. आमच्याबरोबर सामान वाहणारे कॅडी त्या दिवशी नव्हते, कंपनीनंच नको म्हणून सांगितलं होतं. नाहीतर कुणाचा चेंडू कुठला हे कॅडीनं आधीच बघून ठेवलं असतं. जरा लांबच्या चेंडूकडं बोट करत सर रस्त्यावरूनच म्हणाले, ‘तुझा तो. मार लवकर, लोक खोळंबलेत.’

मी वाकून बघितलं. निळी अक्षरं दिसली, वरच्या बाजूला खूण नव्हती. पण मला घाई होती, आणि सर म्हणाले होते. मी मारला.

हातांना निराळंच काहीतरी कळलं. टक्क झालं नाही. मऊ, भरीव आवाज आला. चेंडू झेंड्याच्या मागं पडला, थांबला, आणि चक्क थोडा मागं आला.

मागच्या गाड्यांतून टाळ्या वाजल्या. त्या दिवशीच्या माझ्या पहिल्याच टाळ्या. नाशिकचे लोढाशेठ गाडीतून उठून म्हणाले, ‘वा ताई! आता कसं!’

मी हसत सरांकडं वळले. ‘सर, जमलं! मनगट आवळून धरलं होतं!’

सर हसले नाहीत. ते राहिलेल्या चेंडूजवळ गेले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मला वाटलं गवत बाजूला करतायत. मग सरळ झाले, एकदा दातारकडं बघितलं, एकदा गाड्यांकडं बघितलं आणि काठी घेऊन उभे राहिले. फटका नेहमीसारखाच होता, तसूभरही फरक नाही. पण आवाज आला टक्क. चेंडू ग्रीनच्या मधोमध पडला आणि गोटीसारखा धावत सुटला. मागच्या उतारावरून खाली.

दातार मोठ्यानं म्हणाला, ‘चिखल चिकटला असणार बॉलला.’

त्या दिवसांत चिखल कुठला असायला? जमीन कोरडी ठणठणीत होती.

मी ग्रीनवर जाऊन माझा चेंडू उचलला. त्याच्या खालच्या बाजूला लाल रेघ होती.

अंगठा फिरवून बघितला. चेंडूवरचे खळगे माझ्या चेंडूपेक्षा मोठे आणि उथळ होते. साल मऊ होती, नख रुतेल अशी. निळ्या अक्षरांच्या खाली काहीतरी खरवडून काढल्याची पुसट खरखर होती. माझा सगळा जन्म चेंडू हाताळण्यात गेला होता. तो वज्र नव्हता. दुसऱ्याच कुठल्यातरी उत्तम चेंडूवरचं नाव घासून काढून त्यावर वज्र छापलं होतं.

सर तरातरा आले आणि माझ्या तळहातातून तो उचलून घेतला. ‘हा माझा,’ एवढंच म्हणाले. उताराखालचा माझा चेंडू त्यांनी आणून माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘चला, पुढं चला.’

पुढच्या होलकडं जाणाऱ्या पायवाटेवर आम्ही दोघंच होतो. गाड्या वळसा घालून येत होत्या.

‘सर,’ मी म्हटलं, ‘आता मनगट कुणाचं सैल पडलं?’

ते चालत राहिले.

‘तिसऱ्या होलपासून तुम्ही मला सांगताय. डोकं, पाय, मनगट. लोकांसमोर माझे हात धरलेत. मी तुम्हाला सॉरी म्हटलं, सर.’

‘आवाज खाली ठेव.’

‘तुम्ही ठेवला होता का?’

ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा होता. ‘थोडे होल राहिलेत,’ ते म्हणाले. ‘खेळ आणि घरी जा. बॉल पुढच्या बॅचला सुधारणारच आहेत. कुणाचं काही बिघडत नाही.’

‘माझं बिघडतंय.’

‘तुझं काय बिघडतंय? तू कुठं स्पर्धा खेळतेस आता?’

मी पुढं चालू लागले. बोलले असते तर रडले असते आणि त्यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं. राहिलेले होल मी माझ्या जुन्या पद्धतीनं खेळले, मनगट न आवळता. चेंडू थांबला नाहीच. पण आता तो कुठवर पळणार हे मला माहीत झालं होतं, म्हणून मी तो ग्रीनच्या अलीकडंच टाकून घरंगळू देत होते. दोन होल सरांपेक्षा चांगले गेले. त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दातारला एव्हाना सुगावा लागला होता. शेवटच्या होलच्या आधी तो माझ्या बाजूनं चालू लागला. ‘मॅडम, तुमच्या अकादमीला आम्ही काहीतरी करायचं म्हणतोय. वज्र ज्युनिअर अकादमी, तुमचं नाव, तुमचा फोटो. उद्या बोलू निवांत.’

‘आजच बोलू,’ मी म्हटलं. त्याला वाटलं मी तयार झाले.

क्लबच्या व्हरांड्यात जेवणाची मांडामांड चालली होती. सगळे हातात ताकाचे ग्लास घेऊन उभे होते. दातारनं भाषण केलं. कोंडे सरांचा स्कोअर सांगितला, टाळ्या झाल्या. माझा सांगितला, आणि वर म्हणाला, ‘मॅडमचा सराव सुटलाय. पण शेवटी शेवटी बघितलंत, वज्रनं त्यांनाही साथ दिली.’

मी पुढं झाले. ‘माझा स्कोअर चुकलाय. त्यात दोन फटके वाढवा.’

‘म्हणजे?’

‘गोल्फमध्ये पंच नसतो,’ मी व्यापाऱ्यांकडं वळून म्हटलं. ‘आपली चूक आपणच सांगायची आणि दंड आपणच लावून घ्यायचा. हे मला कोंडे सरांनी शिकवलंय. तेराव्या होलवर मी चुकून सरांचा चेंडू मारला. दुसऱ्याचा चेंडू मारला की दोन फटक्यांचा दंड असतो, आणि मागं जाऊन आपला चेंडू पुन्हा खेळावा लागतो. ते मी केलं नाही. आणि सरांनी माझा चेंडू मारला. त्यांनाही दंड आहे. सर, बरोबर ना?’

सर ताकाच्या ग्लासात बघत होते.

‘अहो मॅडम,’ दातार हसून म्हणाला, ‘दोन्ही वज्रच! काय फरक पडतो?’

‘तेच विचारतेय. मी मारला तो जागच्या जागी थांबला. मग माझा सरांनी मारला, तो का पळाला? सरांचंही मनगट सैल आहे का?’

व्हरांड्यात कुजबुज झाली. लोढाशेठ जाडजूड, शांत माणूस. ते ग्लास खाली ठेवून म्हणाले, ‘भांडता कशाला? समोर सरावाचं ग्रीन आहे. सर आहेत. दोन्ही बॉल मारून दाखवा, विषय संपला.’

दातारचा चेहरा उतरला. मी माझ्या खिशातला हिरव्या ठिपक्याचा चेंडू काढून व्हरांड्यासमोरच्या गवतावर ठेवला. सरांनीही त्यांचा ठेवला. ठेवावाच लागला. माझ्या मनात आलं, आता संपलं. सर मारतील, एक थांबेल, एक पळेल आणि सगळ्यांना दिसेल. मी इतक्या खात्रीनं उभी होते की हातसुद्धा बांधून घेतले होते.

सरांनी आधी लाल रेघेचा मारला. साधा फटका. ग्रीनवर पडला, थांबला.

मग ते माझ्या चेंडूजवळ आले. आणि मला त्यांचा डावा पाय मागं सरकताना दिसला. अगदी थोडासा. काठीचं तोंड त्यांनी आभाळाकडं उघडलं, गुडघे वाकवले आणि पूर्ण ताकदीनं, जणू मैदानापलीकडं पाठवायचाय अशी काठी फिरवली. चेंडू पुढं जवळजवळ गेलाच नाही. तो वर गेला, सरळ वर, क्लबच्या छपराच्याही वर. क्षणभर उन्हात दिसेनासा झाला. आणि मग शेवग्याची शेंग झाडावरून पडावी तसा उभाच्या उभा खाली आला, लाल रेघेच्या चेंडूशेजारी पडला आणि तिथंच राहिला.

इतक्या उंचावरून सरळ खाली टाकला तर दगडही थांबतो. पण तसा फटका मारता येणारे हात तेव्हा देशात किती असतील? माझ्या डोळ्यांनी मी त्याहून सुंदर फटका आजवर बघितलेला नाही. आणि तो अख्खाच्या अख्खा खोटा होता.

व्हरांडा टाळ्यांनी दणाणला.

‘हा वेगळा फटका होता!’ मी ओरडले. ‘शेठ, पहिला साधा होता, हा वेगळा मारला! सर, साधा मारा ना! पहिल्यासारखाच मारा!’

‘मॅडम,’ दातार म्हणाला, आणि त्याला हसू आवरत नव्हतं, ‘बॉल थांबला की नाही थांबला?’

सगळे हसले. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची ओढली, उन्हानं चक्कर आलेल्या बाईला देतात तशी. ‘बसा, ताक घ्या.’ मी ताक घेतलं नाही. बॅग उचलली आणि गाडीकडं गेले.

किल्ली लावत होते तेव्हा सर मागून आले. एकटेच होते.

‘जेवून तरी जा,’ ते म्हणाले.

‘तो फटका मला कधी शिकवला नाहीत.’

‘तुला गरज पडली नाही.’

‘तुम्हाला पडली.’

त्यांनी एकदा वळून क्लबकडं बघितलं. मग म्हणाले, ‘बॉल दगड आहे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांना. पण बॉक्स छापून झाले होते, शलाका. त्यावर माझं नाव आहे. मोठ्या अक्षरात. इतकी वर्षं कुणी विचारत नव्हतं, मधुकर कोंडे जिवंत आहे का मेला. आता दुकानादुकानात असणार.’

‘मग एकट्यानं खेळायचं होतंत. मला का बोलावलं?’

‘खरा वज्र कुणीतरी खेळायला हवा होता. दोघांच्याही हातात भारी बॉल दिला असता आणि उद्या बोभाटा झाला असता, तर सगळीच फसवणूक ठरली असती. असं केलं की सांगता येतं, मॅडम वज्रनंच खेळल्या.’

‘ते कळलं. पण मीच का?’

हा प्रश्न त्यांना विचित्र वाटला असावा. उत्तर उघडच आहे अशा सुरात ते म्हणाले, ‘दुसरा कुणी असता तर तिसऱ्या होलला बॉल फेकून देऊन बोंब मारली असती. तू माझं ऐकतेस.’

फोनवरचा तो आवाज मला आठवला. दुसरं कुणी नको, शलाकाला बोलवा. मी गाडीत बसले आणि दार लावून घेतलं. त्यांनी काचेवर बोटानं टकटक केलं. मी काच खाली केली नाही.

वज्र बाजारात आला. नवव्या होलवरचा फोटो कंपनीनं पोस्टरवर घेतला. माझी मनगटं सरांच्या हातांत आणि खाली लिहिलेलं, ‘गुरूचा स्पर्श, वज्रचा विश्वास’. मला कुणी विचारलंही नाही. मी दातारला फोन करून पोस्टर काढायला सांगितलं. तो म्हणाला, ‘मॅडम, तुम्हाला फुकटात प्रसिद्धी मिळतेय.’ माझ्याकडं शिकणाऱ्या दोन मुलांच्या आईबापांनी ते पोस्टर बघून मुलं दुसरीकडं घातली. बाईंचंच मनगट ठीक नाही म्हणाले, त्या काय शिकवणार.

लोढाशेठनी मात्र एका रविवारी स्वतः वज्र घेऊन राउंड खेळला. संध्याकाळी मला फोन केला. ‘ताई, तो आभाळातला फटका माझ्या एकाही गिऱ्हाइकाला येत नाही. मलाही येत नाही.’ त्यांनी आलेला सगळा माल परत पाठवला आणि दुकानातलं पोस्टर उतरवलं. हळूहळू बाकीच्यांचाही माल परत गेला. दोन वर्षांत वज्र कुठं दिसेनासा झाला. फसवणूक झाली असं मात्र कुणी कधी म्हटलं नाही. आपल्याकडं असले चेंडू जमत नाहीत, एवढंच म्हणाले.

आणि त्यानंतर एका दुपारी सरांचा फोन आला. आवाज तसाच खणखणीत होता, मधे काही घडलंच नसल्यासारखा.

‘शलाका, एक दुसरी कंपनी आहे. दिल्लीची. असाच एक राउंड खेळायचाय.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘मागच्यासारखं नाही होणार,’ ते म्हणाले. ‘मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय. ह्या वेळी तुलाही माझ्यासारखाच भारी बॉल देणार आहेत.’

इतके दिवस मला वाटत होतं, सरांना निदान मनातून कळलं असेल. त्यांना वाटत होतं, मला वाईट चेंडू मिळाला म्हणून मी रुसले होते.

‘सर,’ मी म्हटलं, ‘तेराव्या होलवरचा दोन फटक्यांचा दंड तुम्ही अजून लावून घेतलेला नाही. तो आधी लावून घ्या. मोठ्यानं, चार माणसांसमोर. मग मला फोन करा.’

त्यांनी फोन ठेवला.

दंड अजून लावलेला नाही.